चाळीस मुके सेन्सर

सूतगिरणीतल्या वायरमनबाईचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. दोन महिने राबून तिने पॅनेलांच्या लोखंडी कपाटांतल्या विजेच्या जाड तारांभोवती चाळीस सेन्सर बसवले होते. सेल नाही, बॅटरी नाही. तारेतून करंट वाहिला की भोवती जे चुंबकत्व तयार होतं, त्यावरच ते चालायचे आणि तारेचे सांधे किती तापलेत ते मोबाइलवर कळवायचे. पॅनेलचं दार उघडायलाच नको. तिला तेवढंच हवं होतं. मागच्या वर्षी चालू पॅनेलचं दार उघडून तापमान मोजताना भडका उडाला आणि तिच्या नवऱ्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो अजूनही त्याच कामावर होता.

आज मोठे साहेब पाहणीला येणार, तर मॅनेजरने काय करावं? आवाज नको, धूळ नको म्हणून सगळी मशीनं बंद! मोबाइलवर चाळीसच्या चाळीस रकाने कोरे.

"एकही चालत नाही की," मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, आधी मशीनं सुरू करायला सांगा. करंटच नाही, तर यांच्या पोटात काय जाणार?"

"तुम्ही आधी सेन्सर चालू करून दाखवा," मॅनेजर म्हणाला, "मग मशीनं सुरू करू."

आता या शहाण्यापुढे डोकं आपटायचं की भिंतीवर? घसा बसेपर्यंत तिने समजावलं. मोठे साहेब घड्याळ बघत निघाले. "काढून परत पाठवा," एवढंच बोलले.

दुपारी मशीनं धडधडली आणि सेन्सर जागे झाले. त्यातला एक आकडा चढतच गेला. ऐंशी, शंभर, एकशे दहा. तिने मोबाइल मॅनेजरच्या नाकासमोर धरला.

"या खेळण्याचं काय ऐकायचं!" तो म्हणाला आणि तिच्या नवऱ्याकडे वळला. "जा हो, दार उघडून नीट मोजून या."

नवरा मुकाट्याने हातमोजे चढवून निघालासुद्धा.

"अहो, दाराला हात लावू नका!" ती ओरडली आणि धावत जाऊन तिने मेन स्विच खाली ओढला. अख्खी गिरणी गप्प झाली.

मॅनेजर तणतणत आला. "कोणाला विचारून बंद केलंत? कुठाय तो आकडा? दाखवा!"

दाखवणार काय, कपाळ? करंट गेला, आकडाही गेला. रागाने तिला रडूच कोसळलं.

नवऱ्याने आता दार उघडलं. जळक्या रबराचा भपकारा आला. सांधा काळाठिक्कर पडला होता.

"या साहेब," तो बाजूला होत म्हणाला, "खात्री करायचीय ना? हात लावून बघा."

मॅनेजर दोन पावलं मागे सरकला.