खंडेनवमीचं कुंकू

अंबडच्या आमच्या कारखान्यात तांब्याचा मुलामा देऊन उरलेलं पाणी विजेच्या टाकीत सोडतात. वीज त्यातलं तांबं ओढून पत्र्यावर बसवते. पाण्यात किती तांबं उरलंय, ते टाकीत बुडवलेला इलेक्ट्रोड पडद्यावर दाखवतो. आकडा मर्यादेखाली आला की व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि पाणी मागच्या नाल्यात जातं. तो इलेक्ट्रोड तपासणं माझं काम.

दसऱ्यानंतर कारखाना उघडला त्या सकाळी मी पोचले, तर व्हॉल्व्ह उघडा. टाकी नुकतीच सुरू झाली होती. इतक्यात तांबं संपणं शक्यच नव्हतं. इलेक्ट्रोड वर काढला. टोकावर तेलात कालवलेलं हळदकुंकू वाळून बसलं होतं. पुसून परत बुडवला, तसा आकडा चढायला लागला. थांबेचना. व्हॉल्व्ह बंद झाला तरी तो चढतच होता. अजूनही डोळे मिटले की चढतो.

खंडेनवमीला ऑपरेटरकाकांनी सगळ्या यंत्रांची पूजा केली होती. "सगळ्यांना लावलं ताई, मग त्यालाच कसं वगळायचं?" एवढंच ते म्हणाले. त्यांच्यावर रागावता येईना. माझे वडील युनियनची पत्रकं वाटायचे. त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यांत दोषी नेहमी मालक असायचा. इथेही पडताळ्यासाठी दुसरा इलेक्ट्रोड मागून मागून मिळाला नव्हता, तो दोष मालकाचाच. पण कुंकवाच्या बोटाचं काय करायचं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना बजावलं, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. तेवढ्यात नाल्याकाठी राहणारी म्हातारी गेटवर आली. पाणी निळं का दिसतंय, विचारू लागली. साहेब गोड आवाजात म्हणाले, पाणी चांगलं आहे, मशीन तपासूनच सोडतं. काका जमिनीकडे बघत उभे.

मी म्हणाले, "आजी, त्या पाण्यात तांबं गेलंय. जनावरांना पाजू नका. चूक आमची आहे."

साहेब माझ्याकडे वळले. आजी नाल्याकडे बघत होती.

"शेळ्या तर मगाशीच पेल्या," ती म्हणाली. "आता काय करू, ते बी सांग."

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावत मी तिच्या मागून गेले. शेळ्या बाभळीच्या सावलीत रवंथ करत होत्या. डॉक्टर येईपर्यंत आम्ही दोघी एकेका शेळीच्या तोंडाकडे बघत बसलो, हलतंय ना, हलतंय ना.