कमलचं बाळ

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात माझ्या गरोदर लेकीची साखर तपासायची होती. शेजारी डोंगरपाड्यावरची कमल बसली होती, तिचंही पोट तेवढंच पुढे आलेलं. नर्सने दोघींना ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दोन तासांनी रक्त द्यायला थांबवलं. तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला, तशी कमल उठली.

"अगं, रक्त देऊन जा की," मी म्हणाले.

"ही गेली तर आज दुसरी गाडी नाही, मावशी. घरी लहान पोर आहे."

ती पुन्हा तपासणीला आलीच नाही.

लेकीची साखर वाढलेली निघाली. खाणं बदललं, इन्सुलिन सुरू झालं आणि नात सुखरूप झाली. तिला लस टोचायला नेलं, तेव्हा व्हरांड्यात कमल दिसली. मांडी रिकामी, पोलकं दुधाने भिजलेलं. बाळ फार मोठं होतं, जन्मताना खांदा अडकून दगावलं, असं नर्सने हळूच सांगितलं. आईची साखर वाढली की पोटातलं बाळ असंच वाढतं म्हणे.

दुखणं दोघींचं एकच असावं आणि औषध याच भिंतींआड होतं. मध्ये होता तो फक्त डोंगरातला रस्ता. हा विचार काही केल्या जात नाही.

कमल नातीकडे बघत राहिली.

"माझा हिच्याहून गुटगुटीत होता, मावशी. पाड्यावर सगळ्या म्हणायच्या, कमलचं बाळ छान वाढतंय. मला किती बरं वाटायचं."