एक दाजींचं, एक सायकलीचं

परभणी जिल्ह्यात एसटीने सर्वाधिक प्रवास केलेली सायकल माझ्या दाजींची आहे. याची नोंद कुठल्याही कार्यालयात नाही, तरी हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून ते निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट कामाला लागले. काम एकच, अडलेली शेळी मोकळी करणं. गंगाखेडहून राणीसावरगावकडे जाताना डोंगरात मेंढ्या-शेळ्यांवर जगणाऱ्या वस्त्या आहेत. तिथून फोन आला की दाजी सायकल घेऊन बसस्थानक गाठत. फाट्यापर्यंत एसटी, फाट्यापासून सायकल. मोटारसायकल घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "घेतो की," दाजी म्हणत, "पन ती टपावर चढती का?"

सायकल टपावर चढवायला ते कुणाची मदत घेत नसत. मागच्या शिडीने स्वतः वर जायचं, जुन्या ट्यूबने तिला तीन ठिकाणी बांधायचं आणि खाली येऊन शेवटच्या बाकावर बसायचं, कारण तिथून ती ऐकू येते. गाडी खड्ड्यात आदळली की इतर प्रवासी ड्रायव्हरकडे बघत, दाजी छताकडे. तिकीट मागताना आधी सायकलीचं, मग स्वतःचं. पासष्टी ओलांडल्यावर ते ऐटीत सांगू लागले, "माझं अर्धं, तिचं पुरं. ती अजून तरणी हाय." एकदा लग्नाला जाताना गाडी थांबली, तेव्हा ते आक्काला पाणी द्यायचं सोडून वर चढले. आक्का सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मलाबी टपावरच बांधा. तेवढंच दोन डाव बघायला याल."

मग बिनशिडीच्या नव्या गाड्या आल्या. दाजींनी पिशवीत एक पाना ठेवायला सुरुवात केली. पुढचं चाक काढून सायकल आत न्यायची, हा त्यांचा तोडगा. त्याची खरी परीक्षा झाली त्या दिवशी मी सोबत होतो. वस्तीवरच्या एका म्हातारीचा फोन होता. तिची माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे ती आणि एक गाभण शेळी. "डाक्टर, पिल्लू आडवं हाय. लवकर या, लय तडफडायली." गाडी लागलेली होती. कंडक्टर बाईंनी दारातच अडवलं.

"बाबा, गाडी भरलीय. ही सायकल कुठं ठिवू, डोक्यावर?"

"तुमच्या कामून? माझ्या ठिवा. तिकडं शेळी अडलीय, बाई. ही गाडी गेली तर ती जाती."

बाईंनी एकदा सायकलीकडे, एकदा दाजींकडे पाहिलं. "चढवा लवकर," म्हणाल्या. सांगाडा मागे उभा राहिला. चाक पुढच्या बाकावरच्या एका धिप्पाड पागोटेवाल्यांनी मांडीवर घेतलं आणि त्याला मिठी मारून ते झोपी गेले.

फाट्यावर आम्ही घाईने सांगाडा उतरवला. घंटी झाली, गाडी गेली. चाक पागोटेवाल्यांच्या मिठीत, गाडीबरोबर. मी ओरडत थोडं पळालो. दाजींनी सायकल लिंबाला टेकवली आणि पिशवी खांद्यावर घेतली.

"ऱ्हाऊ द्या. शेळीला चाक लागत न्हाई, हात लागतो."

पुढे तीन किलोमीटरचा चढ होता. ज्यांचे गुडघे अंगणातही कुरकुरत, ते दाजी तो न थांबता चढले. म्हातारी दारातच उभी होती. "डाक्टर व्हय? सायकल न्हाई, म्या वळखलंच न्हाई." दाजींनी हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, गुडघे टेकले आणि अर्धा तास आतल्या आत पिल्लू सरळ करत राहिले. पिल्लं दोन होती. एक मेलेलं निघालं, दुसरं निपचित होतं. त्याचं नाक त्यांनी स्वतःच्या धोतराने पुसलं, छाती चोळली, आणि ते ओरडलं. शेळी वाचली. म्हातारी पदराने आधी पिल्लाचं तोंड पुसत होती, मग स्वतःचं.

परतीला तीच गाडी आली. चाक बाईंच्या शेजारच्या जागेवर बसून होतं.

"बाबा, ह्याचं तिकीट फाडलं न्हाई बरं का."

"फाडा की. जाऊन-येऊन फाडा," दाजी म्हणाले. गाडीभर हसू पसरलं.

गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी सायकल बंद केली. फोन अजून येतात, दाजी अजून जातात. फाट्यावर वस्तीवरचं कुणीतरी मोटारसायकल घेऊन थांबतं. परवा मी पुन्हा त्यांच्यासोबत होतो. बाई त्याच होत्या.

"आज एकच, बाबा?"

"एकच. ती तरणीच हाय," दाजी म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

फाट्यावर उतरल्यावर ते जुन्या सवयीने गाडीच्या मागे गेले. तिथे शिडी नव्हती, वर काही बांधलेलं नव्हतं. एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून ते जरा वेळ वर बघत राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टर बाई मागच्या काचेतून त्यांच्याकडे पाहत होत्या. ते बाजूला होईपर्यंत त्यांनी घंटी दिली नाही.