पंख्याखालचं टेबल

वसमतच्या कोर्टासमोरच्या हॉटेलात आम्ही तीन वकील, म्हणजे मी, जगन राठोड आणि विश्वंभर टाकळकर, वर्षानुवर्षं दोन चहा तीन कपांत वाटून प्यायचो. मग विश्वंभर नांदेडला एक प्रेरणादायी शिबिर करून आला. माणसानं कायम आपल्याहून मोठ्या माणसांत बसावं, हे ज्ञान त्याला तिथं रीतसर फी भरून मिळालं. दुसऱ्याच दिवशी तो आमच्याकडं न बघता पंख्याखालच्या टेबलावर, नामांकित वकील चित्रवारसाहेबांशेजारी जाऊन बसला.

जगननं विचारलं, "काहून रे, आमच्यात बसून तुला तकलीफ होऊन राहिली का?"

"मनाला लावून घेऊ नका," विश्वंभर म्हणाला. "प्रगतीचा प्रश्न आहे."

अडचण एवढीच होती, की चित्रवारसाहेबही त्याच शिबिराला जाऊन आले होते. त्यांनी शेजारी बसलेल्या विश्वंभरला नीट न्याहाळलं आणि आठवड्याभरात नांदेडच्या बड्या वकिलांत बसायला निघून गेले. त्या टेबलावरची बाकी मंडळीही त्यांच्या मागोमाग गेली. नांदेडचे ते बडे वकील मग कुठं पळाले, देव जाणे.

विश्वंभर अजून तिथंच एकटा बसतो. आमच्यात परत येणं शिबिराच्या शिकवणीत बसत नाही. पण प्रगती झाली, हे मान्य करायला हवं. त्या टेबलावर आता त्याच्याहून मोठं कुणी नाही आणि चहाही अख्खा मिळतो.