जस्ताची कांडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगतोय ते धीर आला म्हणून नव्हे — लपवून लपवून थकलोय, एवढंच.

आळेफाट्याला माझं डिझेल इंजिनांचं गॅरेज आहे. विहिरीवरच्या इंजिनांत माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत होती. डिंगोऱ्याचे माझे दाजी नोकरीसाठी कोकणात गेले आणि तिथं एक जुनी मासेमारीची बोट घेऊन बसले. इंजिन सांभाळायला गावाकडचे रामभाऊ नेले. खाऱ्या पाण्यानं लोखंड सडतं, म्हणून बोट किनाऱ्याला लागली की रामभाऊ इंजिनातून गोडं पाणी सोडायचे. जेवण राहील, पण हे राहणार नाही — असा माणूस.

एकदा ते इंजिन टेम्पोतून माळशेज चढून माझ्याकडे कामाला आलं. खोललं, तर पाण्याच्या वाटेवरच्या एका बुचाला जस्ताची कांडी, अर्धी खाल्लेली. कसला हा हलका माल! विहिरीच्या इंजिनाला असलं काही नसतं. मी लेथवर पितळेचं भरीव बूच करून घेतलं, घट्ट बसवलं, वरून हिरवा रंगही मारून दिला. काय खूश होतो मी!

मोसम संपायच्या आत इंजिन भर समुद्रात बंद पडलं. माणसं वाचली, दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. मी खाली कोकणात गेलो. गॅस्केट घ्यायला दुकानात गेलो, तर दुकानदारानं न मागता तसलीच कांडी पुढं केली. खारं पाणी हिला खातं आणि इंजिनाला सोडतं, म्हणाला. म्हणजे — ती खाल्ली जाण्यासाठीच होती?

इंजिन खोललं. पितळेचं बूच धड, आणि भोवतालच्या लोखंडाची चाळण. दाजी आणि रामभाऊ शेजारीच उभे होते. दाजी मला म्हणाले,

"ह्यानं पाणीच सोडलं न्हाई. काय रं, असंच ना?"

रामभाऊ माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "तसंच दिसतंय." आणि बूच खिशात टाकलं.

कशाला भ्यालो मी? दाजी चार शिव्या देतील म्हणून? रामभाऊंना घरी धाडलं. गावात त्यांना 'बोटबुडवे' म्हणायला लागले. आधी थट्टाच होती, पण मग विहिरीचं इंजिनही कुणी त्यांच्या हाती देईना. त्या नावाला मीही हसलोय — हेही सांगून टाकतो.

परवा ते गॅरेजात आले. चहा घेताना म्हणाले, "मिस्त्री, लई वर्सं वाटायचं, आपुन रोज पाणी सोडलं व्हतं. पन तू तर इंजिन डोळ्यांनी बघितलंस. ऱ्हायलं असंल राव माझ्याच हातनं. तू कवा बोलून दावलं न्हाईस, हे तुझं उपकार."

मी — त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.