बाबांनी चुना लावलेली सरहद्द

माझे सासरे, जगन्नाथ ओव्हाळ, नव्वद सालच्या मार्चमध्ये आमच्याकडे टेक्सासला आले ते कायमचे राहायला. सासूबाई गेल्यावर नायगावच्या खोलीत ते एकटेच उरले होते. ईश्वरने, माझ्या नवऱ्याने, दोन वर्षं मागे लागून त्यांना आणलं. पंचाहत्तरी गाठलेला काटक माणूस, बोलणं मोजकं, आणि कोणी काही विचारलं नाही तर आपणहून सांगायचं नाही ही सवय.

अर्विंगमध्ये आमचं अपार्टमेंट हमरस्त्याला लागून होतं. ईश्वर सॉफ्टवेअरमध्ये, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आमची मुलगी हर्षिता दुसरीत. बाबा दिवसभर घरात एकटे. ड्राइव्ह येत नसेल तर त्या गावात पायी जाण्याजोगं एकच ठिकाण होतं, सिग्नलपलीकडचं गॅस स्टेशन आणि त्याचं छोटं दुकान.

एका संध्याकाळी मी घरी आले तर बाबा नाहीत. शोधत दुकानात गेले, तर काउंटरमागे दुधाच्या उलट्या क्रेटवर बाबा बसलेले. हातात चहाचा ग्लास, आणि मला न कळणाऱ्या भाषेत मोठमोठ्याने हसत बोलत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलंच नव्हतं.

दुकानाचा मालक सालेह पन्नाशीचा, येमेनचा. तो मला म्हणाला, "तुमचे सासरे माझ्या आजोबांसारखी अरबी बोलतात. हे शब्द आता आमच्याकडेही कोणी वापरत नाही."

"बाबा, तुम्हाला अरबी येते?"

"यायची. आज जरा परत आली."

"कधी बोलला नाहीत!"

"विचारलंस कुठे तू?" ते म्हणाले आणि उठून माझ्याबरोबर चालू लागले.

ईश्वरला फक्त एवढंच माहीत होतं की तरुणपणी वडील काही वर्षं येमेनच्या एडन बंदरात होते. त्यापलीकडे काही नाही. मग बाबांचा रोजचा नेम झाला. दुपारची गर्दी ओसरली की ते दुकानात जायचे.

मे महिन्यात एका संध्याकाळी सालेह मिठाईचा डबा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. दोन येमेन होते, उत्तर आणि दक्षिण, ते एक झाले होते. "बाबा, सरहद्द गेली!" म्हणत त्याने बाबांना मिठीच मारली. तो निघून गेल्यावर बाबांनी मिठाईचा डबा न उघडताच बाजूला ठेवला. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, "त्या सरहद्दीच्या एका तुकड्याला मी चुना लावलाय, उपासना."

त्या रात्री जेवताना आम्ही प्रथमच त्यांची ती हकीकत ऐकली.

इंग्रजांच्या ताब्यातल्या एडनचा कारभार तेव्हा वर्षानुवर्षं मुंबईतून चालत आलेला. त्यामुळे गोदीत, पलटणीत, कचेरीत आपल्याकडची माणसं भरपूर. मामाच्या ओळखीने बाबा सतराव्या वर्षी तिकडे गेले आणि तंबू ठोकणारे खलाशी झाले. चौतीस साली इंग्रज सरकारचा आणि उत्तरेत राज्य करणाऱ्या ईमामाचा तह झाला. त्यानंतर एका डोंगराळ भागात, कुठलं गाव कोणाच्या बाजूला हे ठरवायला एक साहेब निघाला. त्याच्या तंबूंबरोबर बाबा.

"साहेब म्हणायचा, ओढ्याच्या अलीकडचा शेख आमच्या रक्षणाखाली. ईमामाचा माणूस म्हणायचा, ओढाही आमचा आणि शेखही आमचा. दुभाषा घामाघूम व्हायचा. आणि शेख बिचारा दोघांना कॉफी पाजायचा."

"सो हू वन, आजोबा?" हर्षिताने विचारलं.

"कॉफी संपली गं शेखाची," बाबा म्हणाले, आणि ती खिदळायला लागली.

बोलणी चालू असतानाच बाबांना ताप भरला. छावणीत आपल्याच मुलखातले कारकून होते, जमादार होता. पण बाबा महार. छावणीच्या टोकाला त्यांचं अंथरूण, आणि पाणी लांबून, वरून ओतायचं. ताप चढत गेला तसं ते ओतायलाही कोणी येईनासं झालं. शेखाची एक विधवा बहीण होती, नूर. तिने हे पाहिलं आणि दोन माणसं पाठवून बाबांना आपल्या घरात उचलून नेलं. ज्वारीची पेज भरवली, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या. ताप उतरल्यावर तिने जेवायला बोलावलं. घरातले सगळे एकाच थाळ्याभोवती बसले होते. बाबा दारातच थांबले. मोडक्यातोडक्या अरबीत त्यांनी सांगितलं, मी अमुक जातीचा, आमच्याबरोबर कोणी जेवत नाही.

"मग? काय म्हणाली ती?" ईश्वरने विचारलं. त्याचा घास हातातच होता.

"म्हणाली, तू अशक्त झालायस एवढं मला दिसतंय. बस."

बाबांनी ताटातला भात कालवला. मग म्हणाले, "पुढे मी मुंबईला आलो, चळवळीत गेलो, छप्पन साली दीक्षा घेतली. भाषणं पुष्कळ ऐकली. पण माणूस माणसाला असं वागवू शकतो, हे मला त्या बाईने आधीच दाखवलं होतं."

पेचाचा भाग त्यानंतरचा. शेवटी ओढाच हद्द ठरली. दगडांचे ढीग रचून त्यांना चुना फासायचं काम बाबांकडे आलं. नूरची मुलगी दिलेली होती ते गाव ओढ्यापलीकडे, म्हणजे आता ईमामाच्या हद्दीत. तिच्या पायवाटेवरच एक ढीग आला. नूर तिथे येऊन उभी राहिली, आणि बाबांना चुन्याचा कुंचला काही उचलवेना.

"लाव बाळा," ती म्हणाली. "हात तुझा आहे, हुकूम तुझा नाही."

बाबांनी चुना लावला. दुसऱ्या दिवशी ती भाकरी बांधून मुलीकडे निघाली. ईमामाच्या शिपायाने परत पाठवली. ती परत गेली, त्याने परत पाठवली. असं कितीतरी दिवस. शेवटी शिपाई कंटाळला आणि तिची भाकरी खाऊन तिला सोडू लागला. छावणी हलली तेव्हा नूर दोन भाकऱ्या जास्तीच्या थापत होती.

ती हकीकत बाबांनी पुढे सालेहलाही सांगितली. त्याचं गाव त्या डोंगरापासून फार लांबचं. नूरचा पत्ता त्यालाही लागणं शक्य नव्हतं, आणि तिला शोध असं बाबांनी कधी म्हटलंही नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात एक झालेल्या त्या देशातच युद्ध पेटलं. सालेहची धाकटी बहीण एडनला राहायची. फोन लागेना. बाबांचे गुडघे तोवर पार गेले होते, तरी ते रोज जायचंच म्हणत. मग मी सकाळी कामावर जाताना त्यांना दुकानात ड्रॉप करायची आणि संध्याकाळी घ्यायची.

"बाबा, दिवसभर तिथे काय करता?"

"काही नाही गं. तो फोन फिरवतो, मी बघतो."

एकदा मी घ्यायला गेले तेव्हा सालेहचा धीर सुटला होता. डोळे तांबारलेले. मी ऐकते आहे हे पाहून तो इंग्रजीतच बोलला, "बाबा, सरहद्द होती तेच बरं होतं का? तुम्ही सांगा. तुम्ही होतात तिथे."

"मला नाही रे कळत," बाबा आपल्या तुटक्या इंग्रजीत म्हणाले. "मी तंबू ठोकणारा माणूस. तू सकाळपासून जेवला नाहीस." आणि मी त्यांच्यासाठी दिलेला डबा उघडून त्यांनी त्याच्यापुढे सरकवला. सालेहने मेथीची भाजी आयुष्यात प्रथमच खाल्ली. रडत रडत, पण सगळी खाल्ली.

जुलैमध्ये एक दिवस फोन लागला. बहीण, तिची मुलं, सगळी सुखरूप होती. सालेहला पुढे बोलवेना, म्हणून त्याने रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. पलीकडून तिने काहीतरी विचारलं आणि बाबा हसू लागले. घरी येताना गाडीत मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, आजोबा, तुम्ही आमच्या एडनच्या कुठल्या गल्लीतले?"

शहाण्णवच्या थंडीत बाबा झोपेतच गेले. आमच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, डॅलसकडची आपली सगळी मंडळी आली होती. सालेह बायकोला घेऊन आला, दाराशी बूट काढून मागे भिंतीला टेकून बसला. लोक पांगल्यावर त्याने माझ्याबरोबर कप विसळले. निघताना ईश्वरला म्हणाला, "शनिवारी दुकानात ये. बसू."

ईश्वरला कधी कुणाकडे नुसतं बसायला वेळ नसायचा. पण त्या शनिवारी तो गेला. दोन तासांनी परत आला तो किचनच्या दारात जॅकेटसकट उभा राहिला.

"उपासना, बाबांना पोहता यायचं," तो म्हणाला. "एडनच्या समुद्रात शिकले होते म्हणे. लांबवर जायचे. तुला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही नव्हतं," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला.