मथुराअक्कांनी धुतलेले कपडे

मथुराअक्का आमच्या शेजारीण. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी बेंगळुरूला आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. नवरा गेल्यावर शिवणकाम करून त्यांनी हर्षिताला, एकुलत्या एका मुलीला, वाढवलं. पण विटाळाच्या बाबतीत भारी हट्टी. इस्पितळातून किंवा मयताहून कुणी आलं की मागल्या दारानं थेट न्हाणीत, कपडे बादलीत, मगच घरात. यावरून मी त्यांच्याशी किती भांडले असेन.

गेल्या वर्षी एका दुपारी हर्षिता व्हाइटफील्डच्या ऑफिसातून अवेळी परतली. ओढणी नव्हती, ओठ फुटलेला. वरिष्ठानं तिच्यावर बलात्कार केला होता. अक्कांनी बघताक्षणी ओळखलं आणि विचारलं काहीच नाही. पाणी तापवून तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं, कपडे साबणात भिजवले.

दुसऱ्या दिवशी हर्षिता स्वतःच पोलिसांत गेली. महिला अधिकारी जबाब घ्यायला घरी आल्या, त्यांनी कपडे मागितले. अक्कांनी नीट घडी घालून आणून दिले. अधिकारी नुसत्या घडीकडे बघत राहिल्या, तेव्हा कुठे अक्कांना कळलं की आपण पुरावाच धुऊन टाकला.

उमाजी, अक्कांचे दीर, लगेच शहाणपण शिकवायला हजर. "वैनी, कोर्टात तुमचं नाव कशाला? पोरीनंच धुतले म्हणा."

मला असा राग आला की अक्कांना ओढतच विधी सेवेच्या कार्यालयात नेलं. तिथं प्रांजली नावाची वकील फुकट मिळाली.

"कपडे गेले म्हणून केस जात नाही, अक्का," ती म्हणाली. "हर्षिताचा जबाब हाच मोठा पुरावा. उपचार फुकट, भरपाईसाठी निकालापर्यंत थांबायला नको. केस कुठवर आली ते पोलिसांनी कळवायलाच हवं."

"आणि मी दिरांचं ऐकलं तर?"

"तर हर्षिता खोटी पडेल. तिनं जबाबात खरं सांगितलंय."

त्यानंतर अक्का धड जेवत नव्हत्या.

कोर्टात अक्कांची साक्ष बंद दाराआड झाली. आतलं अक्कांनीच मला नंतर सांगितलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "काही घडलंच नव्हतं, म्हणून खुशाल धुतलेत ना?"

"घडलं होतं म्हणूनच धुतले," अक्का म्हणाल्या. "मीच. मला लाज वाटली. लेकीला जवळ घ्यायचं सोडून मी तिचा विटाळ मानला."

निकाल अजून लागायचा आहे. हर्षिता त्या घटनेनंतर महिन्याभरात मारतहळ्ळीच्या हॉस्टेलात राहायला गेली होती. साक्षीच्या दिवशी ती कोर्टाबाहेर बाकावर बसलेली. अक्कांनी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आता घरी चल गं."

"खरं बोललीस, बरं केलंस," हर्षिता म्हणाली. "पण घरी नाही यायचं मला, आई."

तिनं आम्हा दोघींना रिक्षात बसवून दिलं, रिक्षावाल्या अण्णांना पत्ता सांगितला आणि ती मेट्रोकडे चालू लागली.